बांगडा झाडावर राहतो: गणिताच्या एका सरांचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. घरच्यांची संमती आहे. सरांनी मसुदा वाचून चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि एका निष्कर्षावर हरकत घेतली. ती जागच्या जागी नोंदवली आहे, कारण ती बरोबर आहे.

पार्श्वभूमी

सर 68 वर्षांचे, उजव्या हाताने लिहिणारे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी 34 वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांची ओळख दोन गोष्टींमुळे. एक कोट्या, दुसरी फळ्यावरची चित्रं. प्रमेय सिद्ध झालं की शेवटच्या ओळीशेजारी खडूच्या सात-आठ रेघांत काहीतरी उमटायचं: वाऱ्याने छत्री उलटी झालेले मुख्याध्यापक, कर्णावरून घसरगुंडी खेळणारं पोर. शाळेच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ वर्षानुवर्षं त्यांचंच. बेंदूर जवळ आला की त्यावर बैलजोडी ठरलेली.

जूनमधल्या एका सकाळी सातच्या सुमारास सर दाढी करून बाहेर आले तेव्हा डाव्या गालावर साबण तसाच होता. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटलं, मध्येच फोन आला असेल. पोह्यांची बशी समोर ठेवली, तर उजवीकडचे पोहे संपले, डावीकडचे तसेच राहिले. "आवडले नाहीत का?" "संपवले की." अकरा वाजता डाव्या हातातून कप निसटला तेव्हा कुठे गाडी निघाली. शहरातल्या रुग्णालयात पोचेपर्यंत गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या अर्धगोलात, कानाच्या वर-मागे आणि थोडं कपाळामागे, रक्त न पोचल्याची खूण होती, म्हणजे पक्षाघाताचा झटका.

नवव्या दिवशी सर घरी आले. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: बोलणे, समजणे, आकडेमोड व्यवस्थित. ते खरंच होतं. बहुतेक उजव्या हाताच्या माणसांची भाषा डाव्या अर्धगोलात असते आणि सरांचा तो अर्धगोल शाबूत होता.

मी स्पीच थेरपिस्ट. तोंडाची डावी बाजू किंचित ओढल्यामुळे शब्द जाड येत होते, तेवढ्यासाठी त्यांना माझ्याकडे आणलं. पहिल्याच भेटीत मी त्यांच्यापुढे उतारा ठेवला आणि म्हटलं, "वाचा." सर म्हणाले, "मॅडम, मी वाचलो, मला वाचा आहे, आणि तरी तुम्ही म्हणता, वाचा!" मुलगा, काकू, मी, तिघंही हसलो. मी कागदावर टिपलं: विनोदबुद्धी शाबूत.

या प्रकरणातली ती माझी पहिली चूक. तीच कोटी त्यांनी त्या तासाभरात आणखी तीनदा केली, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसले. ते मी टिपलं नाही.

अडचण

डाव्या बाजूचं दुर्लक्ष फिजिओथेरपिस्टने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. डोळ्यांना दिसतं, पण डावीकडचं जग मेंदू दखलपात्रच मानत नाही. यावरही सरांची कोटी तयार होती: "मी डाव्याला डावलतो म्हणता, पण माझा डाव अजून संपलेला नाही!" भेटायला येणारा प्रत्येक जण हसून जायचा आणि जाताना काकूंना म्हणायचा, सर होते तसेच आहेत.

घरातलं चित्र वेगळं होतं. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "बसा तुम्ही दिवसभर असेच, मी आहेच नाचायला!" सर म्हणाले, "नाचू नकोस, गुडघे दुखतील." सगळे हसले. मुलगा पुण्याहून दोन तास उशिरा पोचला तेव्हा शेजारी म्हणाले, "फारच लवकर आलास रे." सरांनी दुरुस्ती केली, "लवकर नाही, दोन तास उशिरा." पुन्हा सगळे हसले. ज्याची ख्याती आयुष्यभर विनोदी माणूस अशी, त्याचं शब्दशः बोलणंही विनोद म्हणून खपतं. हसणाऱ्यांत सर स्वतः नसायचे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दीड महिन्याने काकूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आधी वाटायचं हे माझी चेष्टा करतात. आता वाटतं, हे घरात नाहीतच."

या एका वाक्यावरून मी तपासणी नव्याने सुरू केली. दीड महिना उशिराच.

तपासणी

बेंदूर नुकताच होऊन गेला होता, म्हणून बैलजोडी काढायला सांगितली. हात तोच, रेघ तीच. उजवा बैल उत्तम उतरला: वशिंड, झूल, शिंगांना गोंडे. जू त्याच्या मानेवरून डावीकडे निघालं आणि हवेतच थांबलं. पुढे कोरा कागद.

"किती बैल आहेत, सर?"

"दोन."

"मोजून सांगा ना."

"मोजायचं कशाला? जोडी म्हणजे दोन."

हे उत्तर मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं. तर्काने निर्दोष. व्याख्येवरून आकडा निघतो, आकडा निघाला की पाहायची गरज उरत नाही.

मग आठवणीची परीक्षा. मिलानमध्ये 1978 साली एडोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती यांनी अशाच रुग्णांना तिथल्या कॅथीड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला होता. चौकाच्या एका टोकाला उभं राहिल्याची कल्पना केली की एका बाजूच्या इमारती गळायच्या. समोरच्या टोकाला गेलं की त्याच इमारती आठवायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या गळायच्या. मी सरांना त्यांच्या शाळेच्या फाटकात उभं केलं, अर्थातच मनातल्या मनात. उजवीकडची प्रयोगशाळा, पाण्याची टाकी, चिंचेचं झाड आलं. डावीकडचं ग्रंथालय आलं नाही. मग म्हटलं, आता कार्यालयाच्या पायरीवर उभे राहून फाटकाकडे तोंड करा. ग्रंथालय आलं, घंटा आली, चिंच गेली. 34 वर्षांची शाळा त्यांच्या डोक्यात पूर्ण होती. एका वेळी अर्धीच हाती लागत होती.

1988 मध्ये जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी वर्णिलेली घरांची चाचणीही केली. दोन सारखी घरं, एकाच्या डाव्या बाजूला आग लागलेली. सर म्हणाले, दोन्ही सारखीच. "राहायचं झालं तर कुठलं घ्याल?" प्रश्न मूर्खपणाचा आहे असं सांगून त्यांनी न जळणाऱ्या घरावर बोट ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "याचं अंगण मोठं वाटतं." अंगणं सारखीच होती. पाच वेळा विचारलं, चार वेळा न जळणारं घर. मी उत्साहाने मुलाला सांगू लागले की बघा, आत कुठेतरी ती आग पोचते आहे. सरांनी मला थांबवलं. "पाचात किमान चार नुसत्या नाण्यानेही येतात. शक्यता 6/32, म्हणजे जवळजवळ 19 टक्के. यावरून काही सिद्ध होत नाही." ज्याच्या मेंदूबद्दल मी अनुमान काढत होते त्यानेच माझं अनुमान कापलं, आणि रीतसर कापलं.

मग विनोद. बंड्याचा 'माझा कुत्रा' हा निबंध भावाच्या निबंधासारखा शब्दशः निघतो, गुरुजी जाब विचारतात. शेवट निवडायचा. एक: "चुकलो सर, त्याचं बघून लिहिलं." दोन: "सर, घरात कुत्रा एकच आहे ना." तीन: बंड्याने दप्तरातून छत्री काढून उघडली. सरांनी तिसरा निवडला आणि खळखळून हसले. "वर्गात छत्री!" दुसऱ्याबद्दल म्हणाले, "ते विधान सत्य आहे. कुत्रा एकच. त्यात विनोद काय?"

1983 मध्ये हायरम ब्राउनेल, हॉवर्ड गार्डनर आणि सहकाऱ्यांना उजव्या अर्धगोलाची इजा झालेल्या रुग्णांत हेच आढळलं होतं. विनोदात धक्का हवा एवढं त्यांना कळतं, पण धक्क्यानंतर मागची गोष्ट नव्याने जुळावी लागते, ते जुळणं हरवतं. कोट्या मात्र टिकतात, याचाही थोडा उलगडा होतो. विनोद गोयल (नाव खरंच विनोद) आणि रेमंड डोलन यांनी 2001 मध्ये निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये विनोद ऐकवले. अर्थावर बेतलेल्या विनोदांनी दोन्ही बाजूंचे कानामागचे भाग जागे झाले. शब्दांच्या कोटीने मुख्यतः डावीकडची ध्वनी-शब्दाची जागा. सरांची 'वाचा' डाव्या अर्धगोलातून येत होती आणि तो ठणठणीत होता.

बांगडा

शेवटी तर्क. वादिम डेग्लिन आणि मार्सेल किन्सबोर्न यांचं 1996 चं एक काम मला ठाऊक होतं. ज्यांना उपचार म्हणून मेंदूच्या एकाच बाजूला विजेचा झटका द्यावा लागत होता, त्यांचा तो अर्धगोल काही वेळ मंद पडायचा. तेवढ्यात त्यांना खोट्या विधानांची कोडी घातली: सगळी माकडं झाडावर चढतात, साळिंदर माकड आहे, तर साळिंदर झाडावर चढतं का? उजवा अर्धगोल मंद असला की माणूस म्हणायचा, हो, इथे तसं लिहिलंय. डावा मंद असला की तोच माणूस चिडायचा: साळिंदर माकड नाही!

मी सरांना विचारलं: सर्व मासे झाडावर राहतात. बांगडा मासा आहे. बांगडा कुठे राहतो?

"झाडावर."

"खरंच, सर?"

"तुमच्या विधानांवरून हेच निघतं."

इथे मी अडले. हे उत्तर इजेचं की 34 वर्षांच्या सवयीचं? गणिताचा कुठलाही शिक्षक हेच म्हणेल, म्हणायलाच हवं. चाचणी ज्या गोष्टीला खूण मानते ती या माणसाच्या पेशाची शिस्त होती. म्हणून त्यांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना, गणिताच्याच, तेच कोडं घातलं. दोघांचंही उत्तर 'झाडावर'. पण दोघेही आधी हसले. एक म्हणाले, "मग गळ टाकायला शिडी लागेल." सर हसले नव्हते. मला वाटतं, या चाचणीचा खरा निकाल ते हसू होतं. निष्कर्ष बरोबर आहे आणि आधारविधान हास्यास्पद आहे, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी हातात धरल्या की माणूस हसतो. सरांच्या हातात एकच होती.

याच जागी सरांची हरकत: "दोन जणांच्या नमुन्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही." मान्य. शिवाय हसण्यावर फार भिस्त ठेवू नये. 1998 मध्ये इत्झाक फ्रीड यांच्या चमूने अपस्माराच्या एका 16 वर्षांच्या मुलीच्या मेंदूत, डाव्या बाजूला पुढे-वर, एका छोट्या जागी सौम्य विद्युतप्रवाह सोडला तेव्हा ती खरोखरच हसली, आणि दर वेळी तिने वेगळं कारण दिलं: कधी घोड्याचं चित्र, कधी समोर उभे असलेले डॉक्टर. हसू आधी, कारण मागाहून. अंगण मोठं वाटतं, तसंच.

तरी माझा अंदाज मी सोडला नाही. सरांचं तर्कयंत्र मोडलेलं नव्हतं. यंत्रात घातलेला माल खरा आहे का हे पाहणारा दारावरचा माणूस रजेवर गेला होता. अर्धी बैलजोडी, न कळलेला बंड्या आणि झाडावरचा बांगडा ही त्या एकाच गैरहजेरीची तीन रूपं. गोयल आणि डोलन यांनी 2003 मध्ये तर्काचाही असाच अभ्यास केला होता: निष्कर्ष आपल्या समजुतीच्या विरुद्ध जात असताना जी माणसं तर्क अचूक चालवतात, त्यांच्या मेंदूत उजवीकडचा कपाळामागचा भाग कामाला लागतो. विनोद आणि तर्क या दोन्हींवर त्याच दोघांनी काम करावं हा योगायोग नसावा.

चेकचं प्रकरण

हे सगळं कागदावर राहिलं असतं तर हा लेखही लिहिला नसता. नोव्हेंबरमध्ये सरांचा एक जुना विद्यार्थी प्लॉटची योजना घेऊन आला. पत्रकात दोन रकाने: डावीकडे अटी, उजवीकडे आकडे. भाव दर 2 वर्षांनी दुप्पट. सरांनी कागदाच्या उजव्या समासात हिशेब मांडला: 5 लाखांचे 10, 20, 40, आठ वर्षांत 80. वर वार्षिक दरही काढला, 41.4 टक्के. अचूक. आणि 5 लाखांचा चेक लिहून दिला.

हाच हिशेब ते पूर्वी चक्रवाढ व्याजाच्या धड्याला वर्गात घालायचे, असल्या योजनांची टर उडवायला. पोरं हसून हसून लोळायची, असं त्या शाळेत शिकलेल्या माझ्या बहिणीला अजून आठवतं. डावीकडचा रकाना सरांनी वाचलाच नव्हता. 'बिगरशेती परवानगी प्रस्तावित' हे शब्द तिथे होते.

खातं नवरा-बायकोचं, दोघांपैकी कोणाच्याही सहीने चालणारं. मुलाने काकूंची सही घेऊन बँकेला चेक थांबवायला सांगितलं. सरांना न विचारता. ते विद्यार्थ्याच्या फोनवरून कळलं आणि सरांनी मुलाशी बोलणं टाकलं, ते पुरता महिनाभर. ती योजना खोटी होती असं मी म्हणत नाही. आम्ही कोणी तपासली नाही. प्रश्न सरांनी ती तपासली का, हा होता.

कोणते मार्ग होते

घरात बैठक झाली. मुलाचं म्हणणं, चेकबुक काढून घ्यावं. एका नातेवाइकाने कोर्टातून पालक नेमण्याचं सुचवलं. वकील म्हणाले, जो माणूस तुमच्यासमोर घनमूळ काढतो त्याला असमर्थ ठरवायला निघाल तर तोच कोर्टात तुम्हाला हरवेल. काकूंना काहीच करायचं नव्हतं, फक्त घरात पुन्हा बोलणं सुरू व्हायला हवं होतं. मी सुचवलं की खातं दोघांच्या सहीने चालणारं करावं, पण सरांच्या संमतीनेच.

सर म्हणाले, "मला समजत नाही हे सिद्ध करा."

ते मला करता येत नव्हतं. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष त्याच्या विधानांवरून बरोबर होता. बांगड्याची गोष्ट सांगितली तर म्हणाले, तुम्हीच खोटं विधान दिलंत, दोष माझा कसा?

दुर्लक्षावरच्या उपायांचाही निर्णय व्हायचा होता. समोरचं दृश्य उजवीकडे सरकवणारे प्रिझमचे चष्मे लावून सराव घेतात. आमच्या गावात ते मिळत नव्हते आणि दर आठवड्याला शहरात जाणं काकूंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. उरला साधा मार्ग: कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी, आणि ती सापडल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. चित्र काढायला द्यावं का, यावर मुलगा अडला. अर्धे बैल पाहून बाबांना काय वाटेल? मी त्याला दोन चित्रकारांबद्दल सांगितलं. जर्मन चित्रकार लोव्हिस कोरिंथ यांना 1911 च्या डिसेंबरमध्ये उजव्या अर्धगोलाचा झटका आला. त्यानंतर 1925 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते रंगवत राहिले. अँटन रेडरशाइट यांनी 1967 च्या झटक्यानंतर स्वतःचीच चित्रं काढली. सुरुवातीच्या चित्रांत चेहऱ्याची डावी बाजू जवळजवळ नाही, पुढच्या चित्रांत ती हळूहळू भरत आलेली. मुलाने ती चित्रं मोबाइलवर पाहिली आणि म्हणाला, "ठीक आहे. पण पुण्याला पाठवू नका." म्हणजे त्याला बघायची नव्हती.

गगनारविंद

कोंडी फोडली ती त्याच शाळेतल्या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी. गावात त्यांना शास्त्रीबुवा म्हणतात. दर गुरुवारी ते सरांकडे पत्ते खेळायला यायचे. आता सर डावीकडचे पत्ते विसरायचे म्हणून नुसतेच बसायचे. मी त्यांना बांगड्याचं सांगितलं तर म्हणाले, "हे आमच्याकडे अनुमानच ठरत नाही."

त्यांनी सरांसमोरच समजावलं. न्यायशास्त्रात अनुमानाला पाच पायऱ्या. पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी (ही व्याप्ती), जसं स्वयंपाकघरात. मग ते पर्वताला लावायचं, मग निष्कर्ष. मधली 'जसं स्वयंपाकघरात' ही पायरी गाळता येत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी उदाहरण दाखवावंच लागतं. आणि ज्याच्याबद्दल बोलतो ती वस्तूच जगात नसेल तर बाकी सगळं फुकट. त्याचं ठरलेलं उदाहरण: गगनारविंद, म्हणजे आकाशातलं कमळ, सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळासारखं. "तुझ्या पद्धतीने उत्तीर्ण, मास्तर. आमच्याकडे नापास. आकाशात कमळ कुठाय?"

सरांना हे आवडलं. विनोद म्हणून अजिबात नाही. कडक नियम म्हणून. आकारापुरतं बरोबर असणं पुरेसं न मानणारी एक जुनी, शिस्तशीर पद्धत आहे आणि ती मोडणं ही चूक ठरते. 'तुम्हाला समजत नाही' याला त्यांची हरकत होती, 'ही पायरी राहिली' याला नव्हती.

"झाडावरचा एक मासा दाखव," शास्त्रीबुवा म्हणाले.

"निवटी. खारफुटीच्या मुळांवर चढते. बहिणीच्या गावी पाहिली आहे."

"एक निवटी. सगळे मासे?"

सर थांबले. "व्याप्ती सिद्ध होत नाही."

"आणि प्लॉट? पाहिलास?"

"नकाशावर."

"सातबारा?"

"नाही."

"मग गगनारविंद."

पुढच्या सोमवारी सरांनी स्वतः बँकेत जाऊन खातं दोघांच्या सहीने चालणारं केलं. कारणाच्या जागी त्यांनी अर्जात 'उदाहरणाची पायरी' असं लिहिलं होतं. कारकुनाने ते खोडून 'वैयक्तिक' केलं.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं आणि तेच जास्त होतं. लाल पट्टी वर्तमानपत्राला, ताटाला, दाढीच्या आरशाला. कागद आडवा-उभा फिरवून चित्रं. बैल एकाखाली एक काढायला सांगितले की दोन्ही येत. शेजारी शेजारी म्हटलं की पुन्हा एकच. आम्ही कागद दर आठवड्याला थोडा थोडा आडवा करत नेला. काकूंना मी टोमणे बंद करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "44 वर्षांची सवय आहे, ताई." मग एक तोड काढली: टोमणा मारायचा असेल तर आधी 'उलटं बोलते' असं सांगायचं. "उलटं बोलते: फार मदत झाली तुमची." सर त्यावर विचार करून योग्य उत्तर देत. टोमण्याची मजा गेली, भांडण कमी झालं.

एक गोष्ट पार फसली. मी काही व्यंगचित्रं देऊन त्यांना खाली ओळी लिहायला सांगितल्या. फळ्यावर विनोद करणाऱ्या माणसाला मी पोरांचा स्वाध्याय दिला. तीन आठवडे ते आले नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतली कोटी मी मोजली असती. एखादी कोटी किती वेळा येते आणि दुसऱ्याच्या विनोदावर माणूस कधी हसतो, या दोन गोष्टी आता मी उजव्या अर्धगोलाची इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिते. घरी सोडतानाच्या कागदावर 'बोलणे, समजणे व्यवस्थित' असं असेल तर नवरा किंवा बायकोला एकटं गाठून विचारते: टोमणा कळतो का?

पैशाचा विषय चेक लिहिला जाण्याआधी काढायला हवा होता. तेव्हा कोणालाच ते अपमानाचं वाटलं नसतं. बरेच जण आजारपणानंतर खातं दोघांचं करतात. चेक थांबवण्याच्या निर्णयात मी नव्हते, पण असते तर मीही तोच दिला असता. फक्त संध्याकाळच्या आत सरांना सांगितलं असतं. महिनाभराच्या अबोल्याने मुलाचं जे नुकसान झालं ते पट्टीने भरून येत नाही.

आणि शास्त्रीबुवांना मी पाच महिने आधी बोलावलं असतं. अडचण अशी की असा माणूस कुठल्याच चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

तेरा महिन्यांनी

दुसरा बेंदूर आला तोपर्यंत सर पट्टीसह वर्तमानपत्र पूर्ण वाचत होते, दाढी पूर्ण करत होते. दमले की डावी बाजू अजून निसटते. बंड्याच्या गोष्टीत आता ते दुसरा शेवट निवडतात आणि कारणही देतात: "गुरुजींना नक्कल अभिप्रेत आहे, बंड्या वस्तूबद्दल बोलतो. दोन अर्थ." हसत नाहीत. बांगड्याचं कोडं घातलं की "झाडावर" म्हणून थांबतात आणि स्वतःच जोडतात, "गगनारविंद." दारावरचा माणूस परत आला असं मला वाटत नाही. त्याच्या जागी नियमांची पाटी लावली आहे आणि सर ती दर वेळी वाचतात. त्यांच्या मते काही हरवलेलंच नव्हतं.

त्या दिवशी मी पुन्हा बैलजोडी काढायला सांगितली. कागद आडवा, पट्टी नाही. उजवा बैल नेहमीसारखा धष्टपुष्ट. जू डावीकडे गेलं, आणि या वेळी त्याखाली दुसरा बैलही आला: बारीक, फासळ्या दिसणारा, एक शिंग आखूड. सरांनी चित्र लांब धरून पाहिलं आणि खाली लिहिलं, 'डावा अर्धपोटी'.

काकूंना हसू फुटलं. थांबेचना. सर आधी त्यांच्याकडे आणि मग चित्राकडे पाहत राहिले.

"यात काय आहे ते सांग," म्हणाले, "मी तपासतो."